पेडल खाली बसले, गिअर पडेना : पिकअपच्या क्लचची तपासणी



बैलगाडीने माल बाजारात नेणारे घर आता आपल्या भागात क्वचितच उरले आहे. औराद, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कोठेही जा. तुरीची पोती, सोयाबीन, आले, टोमॅटोचे क्रेट, सारे काही पिकअपमध्ये चढते. कोणी गुलबर्ग्याला जातो, कोणी उदगीरला, कोणी रात्रीच निघून पहाटे हैदराबाद गाठतो. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हा आपणा सर्वांचा मान. पण माल वाटेत अडकला तर भाव पडल्यावर बाजारात पोचतो, आणि भाजीपाला असेल तर पोचतच नाही, वाटेतच सडतो. म्हणून ह्या वेळी खत-बियाण्याचा विषय बाजूला ठेवून गाडीच्या एका दुखण्याविषयी लिहितो आहोत. ते दुखणे म्हणजे तेलावर चालणारा, म्हणजेच हायड्रॉलिक क्लच.

हा विषय निवडण्याला कारण आहे. आमच्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने जुनी पिकअप विकत घेतली. तूर भरून गुलबर्ग्याकडे निघाले असता हुमनाबाद ओलांडल्यावर क्लचचे पेडल खाली गेले ते वर येईना. रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी लावली. तेथे गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सारे नवे घातले. तुरीचे अर्धे पैसे तेथेच गेले. चार दिवसांनी पेडल पुन्हा खाली. मग गावाकडच्या एका वयस्क मेकॅनिकने गाडीखाली वाकून एका सिलिंडरची रबरी टोपी बोटाने सरकवली, आणि आतून तेलाचे दोन थेंब त्यांच्या तळहातावर पडले. दोष तेथे होता. काही शे रुपयांच्या रबरी किटचे काम होते. क्लच प्लेट निर्दोष होती, ती भंगारात गेली.

असे पुष्कळांचे होते. मेकॅनिक लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. घाईत पटकन सुचते ते तो करतो. पण गाडीचा मालक चार गोष्टी स्वतः पाहून गेला तर मेकॅनिकलाही बरे पडते.

तेलाचा क्लच काम कसा करतो

इंजिन आणि गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. ती प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगने फ्लायव्हीलवर दाबलेली असते, म्हणून इंजिनाची ताकद चाकांकडे जाते. गिअर बदलताना ती जरा सुटी करावी लागते. पायाने पेडल दाबले की ते सुटे करण्याचे काम पुढे होते. जुन्या गाड्यांत आणि पुष्कळशा छोट्या मालगाड्यांत हे काम तारेची केबल करते. मोठ्या पिकअपमध्ये बहुधा तेल करते. आपल्या गाडीत काय आहे हे ओळखणे सोपे आहे. पेडलाच्या पुढे, बॉनेटच्या आतल्या बाजूला लहान सिलिंडर आणि त्यातून निघालेली धातूची बारीक नळी दिसली तर तेलाचा क्लच. तेथून काळी, जाड, वाकलेली केबल निघालेली दिसली तर हा लेख त्या गाडीला लागू नाही. तिची केबल तुटली, ताणली किंवा अडकली आहे काय, एवढेच पाहावे.

तेलाच्या क्लचमध्ये दोन सिलिंडर असतात. वरचा मास्टर सिलिंडर पेडलाजवळ, खालचा स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाजूला. मध्ये नळी. पेडल दाबले की वरच्या सिलिंडरातला दट्ट्या तेल ढकलतो, ते तेल खालच्या सिलिंडरातला दट्ट्या ढकलते, त्याचा दांडा फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला, आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या बोटांना. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्यात सगळीकडे सारखाच पोचतो, हा नियम फ्रान्सच्या ब्लेझ पास्कल ह्यांनी मांडला. त्यांचे १६६२ साली निधन झाले आणि द्रवांवरील त्यांचा ग्रंथ पुढल्या वर्षी छापला गेला. गणित आणि यंत्रे ह्यांत रमलेला हा माणूस गाढ श्रद्धावानही होता. त्याच्या जन्माला चारशे वर्षे झाली तेव्हा, २०२३ साली, पोप फ्रान्सिस ह्यांनी त्याच्यावर एक पत्रच लिहिले. असो.

येथे मुख्य गोष्ट अशी की द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. विहिरीवरच्या मोटारीचा अनुभव आपणा सर्वांना आहे. फूटव्हॉल्व्ह गळू लागला आणि सक्शनच्या पाइपात हवा शिरली की मोटार गरगर फिरते, पण पाणी वर येत नाही. क्लचच्या नळीत हवा शिरली की अगदी तसेच. पेडल दाबले जाते, पण ती मेहनत हवा दाबण्यात जाते आणि खालचा दांडा हलत नाही. दुसरी गोष्ट, पेडल पाच-सहा इंच खाली जाते तेव्हा खालचा दांडा जेमतेम अर्धा-पाऊण इंच सरकतो. एवढ्या लहान हालचालीतून थोडीशी जरी वजा झाली तरी क्लच पुरता सुटत नाही. म्हणून चमचाभर तेल गळाले किंवा वाटाण्याएवढी हवा शिरली तरी गाडी रस्त्यात उभी राहते.

आधी लक्षण नीट ऐकावे

डॉक्टर जसे आधी विचारतात, दुखते कोठे आणि केव्हापासून, तसेच येथेही करावे. ‘क्लच गेला’ एवढे म्हणून भागत नाही.

गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो, पेडल पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते, ह्याचा अर्थ क्लच सुटत नाही. हा दोष बहुतेक वेळा तेलाच्या बाजूचा असतो. ह्याच्या उलट, गिअर नीट पडतात, पण भरलेली गाडी चढाला लागली की इंजिन ओरडते आणि गाडी पळत नाही, जळका वास येतो, हा क्लच घसरण्याचा प्रकार. येथे बहुधा प्लेटच झिजलेली असते. ह्या दोन्हींची गल्लत झाली की पैसे वाया जातात. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचे तसेच झाले.

क्लच सुटत नसेल तर पेडल दोन-तीन वेळा भराभर दाबून पाहावे. त्याने पेडल वर येऊन कडक झाले आणि गिअर पडला, तर नळीत हवा आहे किंवा वरच्या सिलिंडरातले रबर झिजले आहे. पेडल दाबून धरले असता ते पायाखाली हळूहळू बसत जाते, रेल्वे फाटकावर उभी केलेली गाडी अर्ध्या मिनिटाने आपोआप पुढे सरकू लागते, आणि बाहेर कोठेही थेंब दिसत नाही? मग वरच्या सिलिंडरात तेल दट्ट्याच्या मागे निसटते आहे. ही खूण फार उपयोगाची आहे आणि पुष्कळांच्या नजरेतून सुटते, कारण तेल कोठेही सांडत नाही, डबी भरलेलीच असते.

पेडल दाबल्यावरच घरघर आवाज येतो आणि सोडल्यावर थांबतो, तर रिलीज बेअरिंग. ते काम गिअरबॉक्स उतरवूनच होते, तेलाशी त्याचा संबंध नाही.

मग डोळ्यांनी पाहावे

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकांना पुढे-मागे दगड किंवा ओंडके लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. पिकअप पुरेशी उंच असते. तपासणीपुरते जमिनीवर पोते टाकून तसेच सरकता येते.

प्रथम तेलाची डबी. काही गाड्यांत क्लचची डबी वेगळी असते, काहींत ब्रेकच्याच डबीतून एक नळी क्लचकडे जाते. ती नळी डबीच्या वरच्या भागातून काढलेली असते, म्हणजे क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकपुरते तेल खाली उरावे. म्हणून एकाच डबीच्या गाडीत क्लच अचानक गेला तर तो ब्रेकचाही इशारा समजावा आणि भरलेली गाडी तशीच पुढे रेटू नये. क्लचची डबी वेगळी असेल तर आणखी एक गोष्ट. ब्रेकचे पॅड झिजले की ब्रेकचे तेल थोडे उतरते, ते स्वाभाविक आहे. क्लचचे तसे नाही. प्लेट झिजत गेली तर तेल उलट किंचित वर चढते. तेव्हा क्लचची डबी उतरली म्हणजे कोठेतरी गळती आहेच. वरून ओतत राहणे हा उपाय नव्हे.

तेलाचा रंगही पाहावा. नवे तेल पाण्यासारखे किंवा फिकट पिवळे असते. चहासारखे तांबूस झाले असेल तर जुने झाले. काळे आणि गढूळ असेल तर आतले रबर झिजून त्यात मिसळते आहे.

मग ड्रायव्हरच्या पायाजवळची रबरी चटई उचलावी. पेडलाचा दांडा जेथे भिंतीत शिरतो तेथे बोट फिरवावे. ओले, बुळबुळीत लागले तर वरच्या सिलिंडरचे मागचे रबर गेले. तेथे काही नसेल तर गाडीखाली जाऊन खालच्या सिलिंडरची रबरी टोपी सरकवावी. कोरडी धूळ असेल तर चांगले. तेल असेल तर दोष सापडला. त्यानंतर दोन्हींमधली नळी हाताने चाचपडत जावे. धातूची नळी कोठे घासली आहे काय, रबरी होज फुगला किंवा चिरला आहे काय. गाडी परसात महिनाभर उभी होती तर उंदरांनी होज कुरतडला आहे काय, हेही पाहावे.

काही नव्या गाड्यांत खालचा सिलिंडर बाहेर नसतोच, तो गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो. तो गळू लागला तर इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखालून थेंब पडतात. पण तेथून इंजिनाचे तेलही पडू शकते आणि गिअरचेही. ओळखायचे कसे? वाटीभर पाण्यात तो थेंब टाकावा. क्लचचे तेल पाण्यात विरघळून जाते; इंजिनाचे आणि गिअरचे तेल वर तरंगते. गिअरचे तेल जाड आणि उग्र वासाचे असते, ते नाकालाही कळते.

ह्या सगळ्यात कोठेच ओल दिसली नाही, तर एक शेवटची परीक्षा. एकाने पेडल सावकाश पूर्ण दाबावे, दुसऱ्याने खालच्या सिलिंडरच्या दांड्याकडे पाहावे. इंजिन बंद असावे. दांडा नुसताच थरथरला किंवा पाव इंचही सरकला नाही, तर दोष तेलाच्या बाजूचा. दांडा चांगला अर्धा इंच आणि वर सरकला, फोर्कही हलला, तरीही गिअर पडत नाही, तर दोष आतला. फोर्क वाकला असेल, प्रेशर प्लेटचे बोट तुटले असेल. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असण्याचाही संभव असतो. मग गिअरबॉक्स उतरवायला खुशाल सांगावे. ही एवढीशी परीक्षा दोन माणसांना पाच मिनिटांत होते. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सच्या बोल्टांना पाना लावण्याआधी ती करून दाखवा म्हणावे. चांगला मेकॅनिक रागावणार नाही.

क्लच घसरत असला तरी एकदा तेलाकडे पाहावे

वर म्हटले की क्लच घसरणे हा बहुधा प्लेटचा दोष. ‘बहुधा’ हा शब्द मुद्दाम घातला आहे. पेडलाचा दांडा आणि वरचा दट्ट्या ह्यांच्यामध्ये जरासा मोकळेपणा लागतो. पेडल वर असताना दट्ट्या पूर्ण मागे येतो, एक बारीक भोक उघडे होते आणि तापून फुगलेले तेल त्यातून डबीत परत जाते. पेडल लवकर लागावे म्हणून कोणी तो दांडा फिरवून लांब करून ठेवला, तर ते भोक बंदच राहते. सकाळी गाडी ठीक चालते. दुपारी इंजिन तापले, तेल फुगले, की पेडल न दाबताच क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि घसरू लागतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात हे लवकर दिसते. आतून सुजलेला रबरी होजही हेच करतो. तेल जाऊ देतो, परत येऊ देत नाही.

ओळखण्याची खूण अशी. घसरत असतानाच गाडी थांबवावी, इंजिन बंद करून खालच्या सिलिंडरचे निपल किंचित सैल करावे. तेल गरम असते, तोंड दूर ठेवावे. दाबाने तेल उडाले आणि निपल बंद केल्यावर गाडी ताकदीने ओढू लागली, तर प्लेट चांगली आहे. दांडा, भोक किंवा होज दुरुस्त करावा.

हवा काढण्याची रीत

रबरी किट बदलले, नळी बदलली, किंवा डबी रिकामी झाली होती, की हवा काढावी लागते. हे घरी करता येते. लागते ते एवढेच: ब्रेक-क्लचच्या तेलाची नवी, सीलबंद बाटली, निपलाच्या मापाचा रिंग पाना, हातभर पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, एक काचेची बाटली आणि एक शहाणा जोडीदार. घरात सून-मुलगा, भाऊ-भावजय, कोणीही चालेल. पण दोघांपैकी एकानेच हुकूम द्यावेत.

डबी आणि तिच्याभोवतीची जागा कापडाने पुसून मगच झाकण उघडावे. आपल्याकडची तांबडी धूळ आत गेली तर नवे रबरही टिकणार नाही. डबी भरावी. निपलावर नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीत थोडे तेल घेऊन त्यात बुडवून ठेवावे. वर बसलेल्याने पेडल सावकाश दोन-तीन वेळा दाबावे, मग दाबून धरावे आणि ‘धरले’ म्हणावे. खालच्याने निपल पाव वळसा उघडावे. तेल आणि बुडबुडे नळीतून येतील, पेडल खाली जाईल. निपल घट्ट केल्यावरच ‘सोडा’ म्हणावे. पेडल सोडण्याआधी निपल बंद झाले पाहिजे, नाही तर तेथूनच हवा आत ओढली जाते. पुन्हा तसेच. चार-पाच वेळा झाले की डबीत डोकवावे. ती मध्येच रिकामी झाली तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून. नळीत बुडबुडा येईनासा झाला, पेडल कडक लागू लागले, की झाले.

पेडल धडाधड मारू नये. तेलाला फेस येतो आणि बारीक हवा तासभर निघत नाही. इतके करूनही पेडल मऊच राहिले तर निपल सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे काय ते पाहावे. हवा वर चढते. सिलिंडर उलटा बसवला आणि निपल खाली आले तर दिवसभर पेडल मारूनही ती निघणार नाही. दुसरी युक्ती जुने मेकॅनिक करतात. डबीचे झाकण उघडून खालच्या सिलिंडरचा दांडा हाताने सावकाश आत रेटतात. त्याने तेल उलटे वर जाते आणि हवेला डबीपर्यंत घेऊन जाते. डबी ओसंडू नये म्हणून आधी थोडे तेल काढून घ्यावे. मात्र खालचा सिलिंडर फोर्कपासून मोकळा करून लोंबत असेल तेव्हा पेडलाला कोणीही पाय लावू नये, दट्ट्या बाहेर उडतो.

निपल गंजून बसले असेल तर पकडीने पिळू नये. ते मोडले तर सिलिंडरच बदलावा लागतो. गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवावे आणि सकाळी हलक्या हाताने पाहावे.

ह्या तेलाविषयी थोडे सविस्तर

सर्वांत मोठे नुकसान कशाने होते म्हणाल तर ‘हायड्रॉलिक’ ह्या शब्दाने. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे तेल घरात असतेच. क्लचही हायड्रॉलिक, मग तेच ओतले, असा सरळ विचार होतो. कोणी इंजिन ऑइल ओततो. गाडी त्या दिवशी चालतेही. पण ब्रेक-क्लचच्या सिलिंडरांतले रबर खनिज तेलाने फुगते आणि मऊ होते. काही दिवसांत दट्ट्या आतच अडकतो. डबी एकच असेल तर ब्रेकही अडकतात, आणि बिदरच्या पठारावरून उताराला लागलेल्या भरल्या गाडीचे ब्रेक अडकणे किंवा न लागणे म्हणजे काय हे सांगायला नको. असे तेल पडले आहे अशी शंका असेल तर वर सांगितलेली वाटीभर पाण्याची परीक्षा करावी. थेंब तरंगला तर गाडी हलवू नये. नुसते तेल बदलून भागत नाही. त्या वाटेवरची सगळी रबरे आणि होज बदलावे लागतात, नळ्या धुवाव्या लागतात.

बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असे लिहिलेले असते. डबीच्या झाकणावर जे सांगितले असेल तेच घ्यावे. डॉट ५ नावाचे सिलिकोनचे तेल निराळ्या जातीचे असते, ते ह्यांत मिसळू नये. डॉट ३ आणि ४ हवेतली ओल शोषतात. नवे डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्या डॉट ४ साठी ही किमान मर्यादा १५५ अंश धरलेली आहे. म्हणून गेल्या वर्षीची उघडी अर्धी बाटली कपाटातून काढून वापरणे चुकीची काटकसर होय. साधारण दोन वर्षांनी तेल बदलून टाकावे. रबरे आणि दट्ट्या धुताना डिझेल, पेट्रोल, रॉकेल अजिबात नको. तेच स्वच्छ ब्रेकचे तेल वापरावे.

आता आरोग्याचे. ह्या तेलात ग्लायकॉल जातीची रसायने असतात, काही प्रकारांत डायएथिलीन ग्लायकॉलही असते. ह्या द्रव्याची चव गोडसर आणि परिणाम मूत्रपिंडावर. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच द्रव्य मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली होती. तेव्हा डबीतले जुने तेल नळी तोंडाने ओढून काढण्याची जी सवय आहे ती सोडावी. दोन-पाच रुपयांची सिरिंज मिळते. उरलेले तेल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये. लहान मुलाने किंवा कोणीही ते प्यायल्याचे कळले तर ओकारी काढायला लावू नये, घरगुती उपाय करत बसू नये. तेलाची बाटली बरोबर घेऊन लगेच मोठ्या रुग्णालयात जावे. पहिल्या काही तासांत नुसती मळमळ, पोटदुखी किंवा दारू प्यायल्यासारखी गुंगी दिसते आणि माणूस बरा आहे असे वाटते. लघवी कमी होणे मागाहून सुरू होते. डोळ्यांत उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाणी ओतावे, रंग निघून येतो.

क्लचच्या आतली काळी भुकटीही निरुपद्रवी नाही. जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस वापरीत. सर्व प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कर्करोग होतो असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे, आणि आपल्या गाडीतल्या प्लेटमध्ये ते आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. गिअरबॉक्स उतरल्यावर ती भुकटी हवेच्या नळीने फुंकू देऊ नये. ओल्या फडक्याने पुसावी. गॅरेजात काम शिकणारी आपली मुले आहेत, त्यांना हे आवर्जून सांगावे.

वाटेत पेडल गेले तर

रानातून निघताना किंवा रस्त्यात क्लच गेला तर काय करावे? पेडल भराभर चार-पाच वेळा दाबून गिअर पडतो काय ते पाहावे. पडला तर जवळच्या सुरक्षित जागेपर्यंत जावे. डबी रिकामी असेल आणि योग्य तेल जवळ असेल तर भरून पुन्हा प्रयत्न करावा. म्हणून सीलबंद अर्धा लिटर गाडीत असावेच. अगदीच न जमल्यास पुष्कळ जुन्या गाड्या पहिल्या गिअरमध्ये ठेवून स्टार्टर मारला की धक्क्याने चालू होतात. हे रिकाम्या गाडीने, मोकळ्या सपाट रस्त्यावर, समोर माणूस-जनावर नसतानाच करावे, आणि थांबण्याआधी न्यूट्रल करावे. भरलेली गाडी, बाजाराची गर्दी, चढ-उतार, ह्यांपैकी काही असेल तर हा प्रयोग करू नये. दुसरी गाडी बोलवून माल उतरवून घेणे स्वस्त पडते. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे.

ड्रायव्हरच्या दोन सवयी क्लचचे आयुष्य खातात. पेडलावर पाय टेकवून गाडी चालवणे ही एक. दुसरी, चढावर हँडब्रेक न ओढता अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवणे. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या शेजारी एक फेरी बसून त्याचा डावा पाय पाहावा. बोलून दाखवायचे ते घरी आल्यावर, चारचौघांत नको. त्याच फेरीत, गाडी उभी केल्यावर, पायाखालची चटई उचलून बोट फिरवून घ्यावे.